चित्रांवरून मन ओळखू पाहणारे डॉ. हेन्री मरे

नाथान संदेष्ट्याने दावीद राजास गरीब मनुष्याच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा राजा त्या गोष्टीतील श्रीमंतावर संतापला; आपण ज्याला दोष देत आहोत तो आपणच आहोत, हे त्यास मागाहून कळले. शास्त्रातील हा प्रसंग आपल्या शाळेतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. गोष्ट परक्याची म्हणून मनुष्य सावध राहत नाही, आणि बेसावधपणी त्याचे अंतःकरण बाहेर पडते. गेल्या शतकात अमेरिकेतील एका डॉक्टराने मानवी स्वभावाच्या ह्याच खोडीचा आधार घेऊन मनुष्य पारखण्याची एक कसोटी निर्माण केली. चित्र दाखवावयाचे, त्यावर गोष्ट रचावयास सांगावयाचे, आणि त्या गोष्टीवरून गोष्ट रचणाराचा स्वभाव ओळखावयाचा, अशी ती कसोटी होय. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याचे मनात आणले, तर निवड-मंडळापुढे तिला तोंड द्यावेच लागते. तेव्हा तिच्या कर्त्याची ओळख विद्यार्थ्यांस, आणि त्याहूनही पालकांस, असणे इष्ट आहे.

हेन्री अलेक्झांडर मरे ह्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरी १३ मे १८९३ रोजी एका धनिक कुटुंबात झाला. घरी कशाची उणीव नव्हती. परंतु मुलाचा एक डोळा आत वळलेला असे. तो नऊ वर्षांचा असताना आईच्या ही गोष्ट ध्यानी आली आणि घरातच डॉक्टर बोलावून शस्त्रक्रिया करविण्यात आली. ती बेताबाहेर गेली. डोळा आता बाहेरच्या बाजूस वळू लागला. दोन्ही डोळे एका वस्तूवर एकत्र ठरेनात, म्हणून चेंडूच्या खेळांत त्याची फजिती होई. त्यातच बोलताना तोतरेपणा. अशा मुलाने खेळाचा नाद सोडून दिला असता तर कोणी नवल केले नसते. परंतु ज्या खेळात चेंडू नाही असे खेळ त्याने शोधून काढले, आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात तो नौका वल्हविणाऱ्या संघाचा नायक झाला.

रेव्हरंड पीबडी ह्यांनी चालविलेल्या ग्रोटन येथील प्रसिद्ध ख्रिस्ती वसतिशाळेत त्याचे शिक्षण झाले. हार्वर्डमध्ये त्याने इतिहास हा विषय घेतला आणि १९१५ साली अगदी बेताच्या गुणांनी पदवी मिळविली. मानसशास्त्राच्या वर्गात तो एक-दोन वेळ जाऊन बसला, कंटाळला आणि उठून आला. पुढे आयुष्यात ह्या विषयाशी त्याचा संबंध एवढाच राहणार असे त्या वेळी वाटले असावे. वैद्यकीचा अभ्यास सुरू होताच मात्र हाच मुलगा पालटला. कोलंबिया विद्यापीठातून १९१९ साली तो डॉक्टर झाला तो वर्गात पहिला येऊन. नंतर शस्त्रवैद्याची उमेदवारी, रॉकफेलर संस्थेत कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या वाढीवर संशोधन, आणि १९२७ साली इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाची जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी., असा मार्ग झाला. मधल्या काळात, १९१६ साली, जोसेफिन रँटूल ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

रसायनशाळेत बसलेल्या मनुष्याचे लक्ष मनाकडे वळविण्यास दोन पुस्तके कारण झाली. एक स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग ह्यांचा मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवरील ग्रंथ, आणि दुसरी हर्मन मेलव्हिल ह्यांची पांढऱ्या देवमाशाचा सूड घ्यावयास निघालेल्या एका नाखव्याची कादंबरी, मोबी-डिक. १९२५ साली मरे हे झुरिक येथे जाऊन युंग ह्यांस भेटले आणि तीन आठवडे त्यांच्या सहवासात राहिले. परत आले ते हा नवा विषय मनाशी धरूनच. १९२७ साली मॉर्टन प्रिन्स ह्यांनी हार्वर्डमध्ये मानसशास्त्रीय चिकित्सालय स्थापिले आणि डॉ. मरे ह्यांस मदतनीस म्हणून घेतले. पुढच्याच वर्षी सर्व कारभार त्यांच्यावर आला. ज्याने मानसशास्त्राचा एकही अभ्यासक्रम रीतसर पुरा केला नव्हता असा मनुष्य ह्या विषयाचा अध्यापक झाला, ही गोष्ट तेथील विद्वानांस खटकली. आणि ते स्वाभाविकच होते.

कसोटीचा उगम मोठा साधा आहे. चिकित्सालयात शिकणाऱ्या एका बाईंचा मुलगा आजारी असल्यामुळे घरी पडून होता. तो मासिकांतील चित्रे पाहून त्यांवर गोष्टी रचीत वेळ घालवी. चित्रांचा असा काही उपयोग आपणांस करता येणार नाही काय, असे त्या बाईंनी डॉ. मरे ह्यांस विचारले. त्यांनी ते मनावर घेतले. ख्रिस्तियाना मॉर्गन ह्या त्यांच्या सहकारी बाई चित्रकलेत निष्णात होत्या. त्यांनी मासिके व चित्रसंग्रह धुंडाळून चित्रे निवडली, काही पुन्हा रेखाटली, काही स्वतः काढली. १९३५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मॉर्गन आणि मरे ह्या दोघांच्या नावे कसोटीचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव पडले थिमॅटिक ॲपर्सेप्शन टेस्ट. आपण तिला चित्रकथा-कसोटी म्हणू. १९४३ साली हार्वर्ड विद्यापीठाने जी आवृत्ती छापली आणि जी पुढे जगभर गेली, तीवर मात्र डॉ. मरे आणि चिकित्सालयातील मंडळी एवढेच नाव आहे, मॉर्गनबाईंचे नाही. कारण काही असो, ज्या हातांनी चित्रे काढली त्या हातांचे नाव मुखपृष्ठावर असावयास हवे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मॉर्गनबाई व डॉ. मरे ह्यांचा स्नेह सहकाराच्या मर्यादेत राहिला नाही, आणि त्यांचे गृहजीवन मुलांपुढे कित्ता म्हणून ठेवण्याजोगे नव्हते, हेही येथे लपविण्याचे कारण नाही.

ह्या संचात एकंदर ३१ पत्ते आहेत, त्यांपैकी एक अगदी कोरा. एका मनुष्यास दोन बैठकींत मिळून वीस दाखवावयाचे. चित्रात काय चालले आहे, त्यापूर्वी काय घडले, त्यातील माणसांच्या मनात काय आहे, आणि शेवट काय होईल, एवढे सर्व गोष्टीत यावे. पहिल्या पत्त्यावर एक लहान मुलगा टेबलावर ठेवलेल्या व्हायोलिनकडे पाहत बसला आहे. प्रसिद्ध वादक यहुदी मेन्युहिन ह्यांच्या बालपणीच्या छायाचित्रावरून ते चित्र काढलेले आहे. एक मुलगा म्हणेल, ह्याला आईबापांनी सक्तीने बसविले आहे आणि बाहेर मित्र खेळत आहेत. दुसरा म्हणेल, हा मोठा वादक होण्याचे स्वप्न पाहत आहे. तिसरा म्हणेल, वाद्य मोडले आहे आणि आता मार बसणार. चित्र एकच, आणि त्यात ह्यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

येथपर्यंत सर्वांस पटते. अडचण पुढे येते. गोष्ट ऐकून परीक्षकाने जे अनुमान काढले ते खरे कशावरून? आमच्या वऱ्हाडात रुईची चिमूट बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारे पारखी होऊन गेले. त्यांच्यावर व्यापाऱ्यांचा विश्वास असे. परंतु दोन पारख्यांनी एकाच गाठीस दोन भाव सांगितले, तर शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे? स्वभावाच्या परीक्षेतही हाच प्रश्न आहे, आणि येथे गाठीच्या जागी मनुष्य आहे. संख्याशास्त्र अशा कसोटीस तीन प्रश्न विचारते. एकच गोष्ट दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासली तर गुण सारखे पडतात काय? त्याच मनुष्याने दुसऱ्या चित्रावर, किंवा महिन्याभराने पुन्हा, गोष्ट सांगितली तर तोच स्वभाव दिसतो काय? आणि सर्वांत कठीण प्रश्न असा की, गोष्टीत जे दिसले ते त्या मनुष्याच्या प्रत्यक्ष वागणुकीतही दिसते काय? पहिल्या दोन प्रश्नांस विश्वसनीयता आणि तिसऱ्यास यथार्थता म्हणतात.

डॉ. मरे ह्यांनी ह्या प्रश्नांकडे अगदी पाठ फिरविली असे नाही. मनुष्याच्या अनेक गरजांची त्यांनी यादी केली: यश मिळविण्याची, स्नेहाची, सत्तेची, आधार शोधण्याची, आणि अशा आणखी कित्येक. गोष्टीतील नायकाच्या ठायी प्रत्येक गरज किती तीव्र आहे हे पाहून एकपासून पाचपर्यंत गुण द्यावयाचे, अशी रीत त्यांनी घालून दिली. महाविद्यालयीन वयाच्या पन्नास तरुणांचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखती, आत्मवृत्ते आणि नाना कसोट्या ह्यांच्या द्वारे तपशीलवार अभ्यास केला. एकाच्या मतावर विसंबू नये म्हणून पाच जणांचे मंडळ नेमून त्यांचा एकत्रित निर्णय घेतला. १९३८ साली हा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव झाले. परंतु त्याच्या अगोदरच, १९३६-३७ मध्ये, त्यांची हार्वर्डमधील नोकरी जाण्याची वेळ आली होती. मेंदूचे थोर संशोधक कार्ल लॅशली ह्यांच्या मते हे शास्त्रच नव्हते. गॉर्डन ऑलपोर्ट डॉ. मरे ह्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर कायम नेमणूक नाही, पाच-पाच वर्षांच्या मुदतीची नेमणूक, अशी तडजोड झाली. लॅशली ह्यांचा आक्षेप कठोर होता, पण निराधार नव्हता. आणि असा विरोधक लाभणे हे नव्या शास्त्राचे भाग्यच असते.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४३ साली डॉ. मरे ह्यांनी अमेरिकन हेरखात्यासाठी हिटलरच्या स्वभावाचा एक वृत्तांत लिहिला. पराभव समोर दिसू लागला तर तो आत्महत्या करील, हा त्यातील अंदाज १९४५ साली खरा ठरला. ह्याच खात्यासाठी माणसे निवडण्याचे काम त्यांच्याकडे आले. व्हर्जिनिया प्रांतात फेअरफॅक्सजवळच्या एका शेतवाडीत उमेदवारांस आणीत. तेथे सर्वांना एकसारखा शिपायाचा पोशाख, प्रत्येकास खोटे नाव आणि खोटी पूर्वकथा. ओढा ओलांडून वजनदार वस्तू पलीकडे नेणे, भिंत चढणे, खरमरीत उलटतपासणी सोसणे, असे तीन दिवस चाले. एका परीक्षेत लाकडी सांगाडा उभारावयास दोन मदतनीस देत. ते मदतनीस परीक्षकांनीच पेरलेले असत आणि मदतीऐवजी अडथळा व टवाळी करीत. काम पुरे होणारच नाही अशी व्यवस्था होती. पाहावयाचे ते मनुष्य चिडतो कसा आणि स्वतःस सावरतो कसा. युद्ध संपेपर्यंत अशा निरनिराळ्या केंद्रांतून ५,३९१ माणसांची पारख करण्यात आली.

ह्यानंतर जे घडले ते ह्या चरित्रातील मला सर्वांत आदरणीय वाटणारे प्रकरण आहे. निवडलेल्या माणसांनी परदेशी कसे काम केले ह्याची माहिती गोळा करून ती पूर्वी वर्तविलेल्या गुणांशी ताडून पाहिली गेली. मेळ फारच थोडा बसला. हे आकडे दडपून ठेवणे कठीण नव्हते. खाते गुप्त होते. परंतु डॉ. मरे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९४८ साली काढलेल्या ग्रंथात ते छापले आणि अपयशाची कारणेही शोधली. ज्या कामासाठी मनुष्य निवडला तेच काम त्यास मिळाले असे नाही. परदेशातील वरिष्ठांनी दिलेले शेरे एकमेकांशी जुळत नव्हते. शिवाय ज्यांना नाकारले ते गेलेच नाहीत, तेव्हा नाकारण्यात चूक झाली की नाही हे कळावे कसे? परीक्षेत नापास झालेल्या मुलाला पुढच्या वर्गात बसवूनच पाहिले नाही, तर तो तेथे टिकला असता की नाही हे कोण सांगणार?

याच सुमारास ब्रिटिश सैन्यानेही अधिकारी निवडण्यासाठी मंडळे स्थापिली होती आणि त्यांत चित्रांवरून गोष्ट लिहविण्याची रीत होती. हिंदुस्थानात १९४३ साली डेहराडून येथे तशा मंडळाचा प्रयोग झाला, आणि स्वातंत्र्यानंतर ती पद्धत आपल्या निवड-मंडळांत रूढ झाली. तेथे बारा चित्रे दाखवितात, त्यांत एक कोरे. चित्र तीस सेकंद दिसते आणि गोष्ट लिहावयास चार मिनिटे मिळतात. पाठ केलेल्या गोष्टी घेऊन जाणाऱ्या मुलांची तेथे कशी धांदल उडते हे सांगावयास नको. मात्र तेथे गोष्टींवरूनच सर्व काही ठरत नाही. मुलाखत, मैदानावरील कामे आणि अन्य परीक्षा मिळून निर्णय होतो. ही सावधगिरी युद्धकाळच्या अनुभवाला धरूनच आहे.

डॉ. मरे ह्यांच्या हातून जे झाले नाही ते संख्याशास्त्राच्या वाटेने पुढे नेले डेव्हिड मॅक्क्लेलंड ह्यांनी. हे एका मेथडिस्ट पाळकाचे पुत्र. जॉन ॲटकिन्सन ह्यांच्यासह त्यांनी १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाणबुडीच्या तळावरील खलाशांना, भुकेशी ह्याचा संबंध आहे हे कळू न देता, जेवणानंतर एक, चार व सोळा तासांनी चित्रांवर गोष्टी लिहावयास लावल्या. भूक वाढली तशा अन्नाच्या टंचाईच्या आणि ते मिळविण्याच्या खटपटीच्या गोष्टी वाढल्या. प्रत्यक्ष जेवण्याच्या मात्र वाढल्या नाहीत. भुकेलेला मनुष्य ताटाचे नव्हे, ताट मिळविण्याचे स्वप्न पाहतो! गोष्ट आणि मनाची अवस्था ह्यांचा संबंध येथे मोजून दाखविता आला. पुढे यशाच्या आकांक्षेसाठी त्यांनी गुणदानाचे इतके काटेकोर नियम बांधले की, शिकविलेले दोन परीक्षक एकाच गोष्टीस बहुतांशी सारखे गुण देऊ लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

ह्याच मॅक्क्लेलंड ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या आणि आंध्रातील काकिनाडा येथील व्यापाऱ्यांसाठी शिक्षणवर्ग चालविले. वर्गात त्यांना यशाच्या गोष्टी रचावयास शिकविले जाई. काकिनाड्यास शिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे निम्मे पुढे धंद्यात नवे काही करू लागले. न घेतलेल्यांत हे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या आसपास राहिले. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला होता म्हणूनच ह्या आकड्यांना किंमत आहे. नाही तर बाजार तेजीत होता असे कोणीही म्हणाला असता.

दुसऱ्या प्रश्नावर कसोटी लंगडी पडली. १९७२ साली डोरिस एन्टविसल ह्यांनी दाखवून दिले की, एका चित्रावरील गोष्टीत जो मनुष्य महत्त्वाकांक्षी दिसतो तो पुढच्या चित्रावर तसा दिसेलच असे नाही. ॲटकिन्सन ह्यांचे उत्तर असे की, एक इच्छा गोष्टीत पुरी झाली की मन दुसरीकडे वळते. जेवलेला मनुष्य लगेच पुन्हा जेवण मागत नाही. उत्तर चतुर आहे, पण वाद मिटलेला नाही. तिसऱ्या प्रश्नासाठी विल्यम स्पँगलर ह्यांनी १९९२ साली शंभरावर निबंधांतील आकडे एकत्र करून पाहिले. गोष्टीतील यशाची आकांक्षा आणि प्रत्यक्ष जीवनातील यश ह्यांचा सहसंबंध सरासरीने ०.२ च्या आसपास निघाला. पूर्ण मेळ असता तर हा आकडा १ असता, मुळीच नसता तर ०. ह्याचा वर्ग केला की ०.०४ होतो, म्हणजे माणसामाणसांतील फरकाच्या शंभर भागांपैकी चार भागांचा उलगडा गोष्टींवरून होतो, शहाण्णव भाग तसेच राहतात. दीर्घ काळाच्या कर्तबगारीच्या बाबतीत मात्र गोष्टी साध्या प्रश्नपत्रिकांपेक्षा सरस ठरल्या. २००० साली तीन अमेरिकन पंडितांनी अशा सर्व कसोट्यांची झडती घेऊन असा निष्कर्ष काढला की, दवाखान्यांतून त्या ज्या सैलपणे वापरल्या जातात त्यास पुरेसा आधार नाही. ज्या पालकांस कोणी एका बैठकीत मुलाचा स्वभाव व भावी व्यवसाय सांगणारा कागद विकावयास येईल, त्यांनी हे शहाण्णव भाग आठवावेत.

आपल्या मुलांस व्हायोलिन काय आणि त्या चित्रांतील परदेशी पोशाख काय, दोन्ही परकेच. म्हणून उमा चौधरी ह्यांनी १९६० साली ह्या कसोटीचे भारतीय रूप प्रसिद्ध केले.

डॉ. मरे ह्यांच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. १९५९ ते १९६२ ह्या काळात हार्वर्डच्या २२ विद्यार्थ्यांवर त्यांनी एक प्रयोग केला. प्रत्येकाने आपली जीवनविषयक मते लिहून आणावयाची. मग आपल्यासारख्याच एका विद्यार्थ्याशी वाद होईल असे सांगून प्रत्यक्षात एका तयार वकिलापुढे बसवावयाचे. वकील त्या मतांची निर्दयपणे चिरफाड करी, आणि त्या वेळी विद्यार्थ्याच्या हृदयाचे ठोके मोजले जात, चित्रफीत घेतली जाई. त्या मुलांपैकी एक सोळाव्या वर्षीच विद्यापीठात आलेला मोठा गणिती होता. त्याने पुढे टपालाने बाँब पाठवून तिघांचे प्राण घेतले. त्या कृत्यांचे मूळ ह्या प्रयोगात आहे असे सिद्ध झालेले नाही, आणि तसे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. पण एका विद्यार्थ्यावरून काही सिद्ध होत नाही म्हणून बावीस विद्यार्थ्यांशी केलेली फसवणूक क्षम्य ठरत नाही. पन्नास तरुणांच्या गोष्टी इतक्या ममतेने ऐकणारा मनुष्य हे करू शकला, ह्याचे उत्तर त्यांच्या कोणत्याच ग्रंथात मला मिळालेले नाही.

१९६२ साली ते विद्यापीठातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पत्नी निवर्तल्या. १९६७ साली मॉर्गनबाई समुद्रात बुडून मरण पावल्या. १९६९ साली डॉ. मरे ह्यांनी दुसरा विवाह केला. १९७६ साली रॅडक्लिफ येथे त्यांच्या नावाचे संशोधन-केंद्र निघाले. माणसांच्या जीवनाची वर्षानुवर्षे जमविलेली माहिती नव्या संशोधकांस पुन्हा तपासता यावी, हा त्याचा उद्देश होता. २३ जून १९८८ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे त्यांचे देहावसान झाले. मोबी-डिकचे कर्ते मेलव्हिल ह्यांचे चरित्र लिहिण्याचे काम त्यांनी तरुणपणी हाती घेतले होते. इतक्या वर्षांत त्याची पाने पुष्कळ झाली, पण एका मनुष्याचे चरित्र काही त्यांच्या हातून पुरे झाले नाही.